धरणाचा सातबारा: स्लाय पार्कच्या हस्तांतरणाचं प्रकरण

डिसेंबर २००३ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातल्या जेन्किन्सन तलावाचा मालक बदलला. त्या आठवड्यात तिथे मासे धरायला बसलेल्या कोणाच्या ते लक्षातही आलं नसणार. भराव तोच, विमोचकाची, म्हणजे धरणातून पाणी सोडायच्या वाटेची, झडप फिरवणारे हात तेच, त्या हातांना पगार देणारी संस्थाही तीच. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नावावर असलेलं स्लाय पार्क धरण 'एल डोराडो इरिगेशन डिस्ट्रिक्ट' या स्थानिक संस्थेच्या नावावर चढलं, इतकंच. पण एवढं घडायला तिथल्या संसदेला कायदा करावा लागला आणि कायदा झाल्यावरही तीन वर्षं गेली. नाव बदलायला इतका वेळ लागतो, तेव्हा नावाबरोबर आणखीही काहीतरी हलत असतं.

मी एल डोराडो हिल्समध्ये राहते. शेजारच्या फॉल्सममधल्या इंटेलमुळे या पट्ट्यात मराठी घरं बरीच आहेत. मी हिशेब तपासणीचं काम करते, धरणांशी माझा संबंध पाणीबिलापुरता. हे प्रकरण माझ्या डोक्यात घातलं ते अण्णांनी.

अण्णा म्हणजे माझे वडील, पालखेडच्या कालव्यांवर कालवा निरीक्षक होते. दिंडोरी-निफाडच्या चाऱ्यांवर राजदूत मोटारसायकल फिरवण्यात त्यांचा जन्म गेला. दोन उन्हाळ्यांपूर्वी ते इथे आले तेव्हा लेक टाहोला जाताना वाटेत पोलॉक पाइन्सला आम्ही आत वळलो. 'मॉर्मन एमिग्रंट ट्रेल' नावाचा रस्ता थेट धरणाच्या माथ्यावरून जातो. आम्ही सगळे पाण्याकडे पाठ करून फोटो काढत होतो आणि अण्णा रस्ता ओलांडून खालच्या बाजूला, भरावाच्या पायथ्याकडे बघत उभे होते. कुठे ओल दिसते का, उतारावर झुडपं माजलीत का, पाझर मोजायची सोय कुठे केलीय. बऱ्याच वेळाने म्हणाले, "हे धरण कोणाचं?"

"डिस्ट्रिक्टचं. आपल्याला पाणी देतात ना, त्यांचं."

"ते चालवतात गं. सातबारा कोणाच्या नावावर?"

मला माहीत नव्हतं. तिथेच फोनवर शोधलं. "आधी केंद्र सरकारचं होतं. २००३ पासून यांचंच आहे."

"म्हणजे कूळ मालक झालं," असं म्हणून अण्णा पुन्हा पायथा बघायला लागले.

नंतर मी या व्यवहाराबद्दल बरंच वाचलं. याहून नेमकं वर्णन मला कुठेही सापडलं नाही.

धरण कसं झालं

एल डोराडो हा सोन्याचा जिल्हा. जानेवारी १८४८ मध्ये कोलोमाला सोनं सापडलं ते याच जिल्ह्यात. त्याच उन्हाळ्यात सॉल्ट लेककडे परत निघालेल्या मॉर्मन तुकडीतल्या जेम्स स्लाय याला डोंगरातलं एक सपाट कुरण दिसलं. त्याचं नाव कुरणाला चिकटलं ते आजतागायत. सोनं धुवायला लोकांनी डोंगरउतारावरून मैलोन्मैल पाट काढले. सोनं संपलं, पाट राहिले, आणि त्या पाटांवर फळबागा उभ्या राहिल्या. १९२५ मध्ये बागायतदारांनी मिळून डिस्ट्रिक्ट स्थापन केलं. 'इरिगेशन डिस्ट्रिक्ट' ही सहकारी संस्था नव्हे आणि सरकारी खातंही नव्हे. ती राज्याच्या कायद्याखाली स्थापन झालेली, निवडून आलेल्या पाच संचालकांची, पट्टी बसवण्याचा आणि कर्जरोखे काढण्याचा अधिकार असलेली स्थानिक संस्था आहे. या अधिकाराचा संबंध पुढे येणार आहे.

अडचण साठ्याची होती. इथलं हवामान आपल्या नेमकं उलटं. पाऊस आणि बर्फ नोव्हेंबर ते एप्रिल, आणि झाडांना पाण्याची गरज असते तेव्हा आभाळ कोरडं. साठा करायचा तर धरण हवं, आणि धरणाइतका पैसा पेअरच्या बागांतून निघणारा नव्हता. डिस्ट्रिक्टचे वॉल्टर जेन्किन्सन यांनी वॉशिंग्टनकडे पाठपुरावा केला. १४ ऑक्टोबर १९४९ च्या कायद्याने स्लाय पार्कला मंजुरी मिळाली आणि १९५३ ते १९५५ मध्ये केंद्राच्या ब्युरो ऑफ रेक्लमेशनने काम पुरं केलं. मातीचे दोन बांध, एक मुख्य आणि एक सहायक. स्लाय पार्कचा ओढा एकटा तलाव भरू शकत नाही, म्हणून शेजारच्या कॅम्प क्रीकचं पाणी वळवून बोगद्यातून आत आणलं. साठवण सुमारे ४१,००० एकर-फूट, आपल्या मापात १.८ टीएमसीच्या आसपास. खडकवासल्याहून थोडं लहान म्हणा. अण्णांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि म्हणाले, "वाघाडपेक्षा कमी." वाघाड म्हणजे त्यांच्या दिंडोरीकडचं धरण.

जाता जाता एक गंमत. हे ओढे ज्या कोझम्नेस नदीला मिळतात तिची ख्याती 'सिएराच्या पश्चिम उतारावरची, मोठं धरण नसलेली शेवटची नदी' अशी आहे. मुख्य प्रवाहापुरतं ते खरं. स्लाय पार्क तिच्या उपनदीवर आहे, त्यामुळे ख्याती सांगताना त्याचा उल्लेख सहसा होत नाही.

१९४९ च्या कायद्यातली एक गोष्ट पुढे फार कामाला आली. त्याच कायद्यात फॉल्सम धरणही होतं आणि कागदोपत्री दोन्ही धरणं केंद्राच्या अवाढव्य सेंट्रल व्हॅली पाणी प्रकल्पाचा भाग होती. पण फॉल्समचं पाणी प्रकल्पाच्या सामाईक हौदात जातं आणि त्यातून दूरदूरच्या ग्राहकांना वाटलं जातं. स्लाय पार्कचं पाणी एकट्या एल डोराडोचं. एकत्र कुटुंबात एखाद्या भावाची विहीर वेगळी असते, तसं. वाटण्या करायची वेळ आली तेव्हा हा भाऊ सुटा काढणं सोपं गेलं.

कुळाची अठ्ठेचाळीस वर्षं

१९०२ च्या रेक्लमेशन कायद्यामागचा विचार साधा होता. पश्चिमेकडच्या कोरड्या राज्यांत केंद्राने धरणं बांधायची आणि लाभ घेणाऱ्या शेतकऱ्यांनी खर्च हप्त्यांनी फेडायचा, तोही बिनव्याजी. मुदत आधी १० वर्षं होती. १९१४ मध्ये ती २० झाली आणि १९२६ मध्ये ४०. हप्ते थकत गेले, तशी मुदत लांबत गेली. शेती कर्जाचा इतिहास सगळीकडे सारखाच म्हणायचा.

गोम पुढे आहे. हप्ते पूर्ण फिटले तरी धरण केंद्राच्याच नावावर राहतं. मूळ कायद्यातच लिहून ठेवलंय की संसद वेगळं ठरवीत नाही तोवर मालकी आणि व्यवस्थापन सरकारकडे राहील. चालवण्याचं काम मात्र बहुतेक ठिकाणी स्थानिकांकडे सोपवलेलं असतं. अशा कामांना ब्युरोच्या भाषेत 'हस्तांतरित कामं' म्हणतात. नाव हस्तांतरित, आणि मालकी जिथल्या तिथे! स्लाय पार्क असंच होतं. झडपा डिस्ट्रिक्टची माणसं फिरवायची, नळांची गळती तीच काढायची, आणि धरण वॉशिंग्टनचं.

चाळीस-एक वर्षं हे बिनबोभाट चाललं. मग दोन्हीकडची परिस्थिती बदलली.

इकडे जिल्हा बदलला. पेअरच्या झाडांवर रोग आला, बागायतदार सफरचंदाकडे वळले. १९६४ मध्ये कॅमिनोच्या बागायतदारांनी एकत्र येऊन 'ॲपल हिल' सुरू केलं. आज शरद ऋतूत सफरचंद तोडायला आणि डोनट खायला तिथे जी झुंबड उडते तिचं मूळ ते. मग द्राक्षमळे आले, आणि त्यामागून आमच्यासारखे लोक, म्हणजे घरं, हिरवळी आणि तीन-तीन बाथरूम. शेतीच्या पाण्याचा खर्च बिनव्याजी फेडायचा असतो, शहरी वापराच्या पाण्याच्या खर्चावर व्याज लागतं. बागेची वसाहत झाली की पाणी तेच राहतं आणि कागदावर महाग होतं.

तिकडे १९९२ मध्ये संसदेने सेंट्रल व्हॅली प्रकल्पात सुधारणा करणारा कायदा केला. धरणांनी मासे आणि पाणथळ जागांचं जे नुकसान केलं ते भरून काढायला एक निधी काढला. त्यात दर एकर-फुटामागे शेतीच्या पाण्याला ६ डॉलर आणि शहरी पाण्याला १२ डॉलर, १९९२ च्या किमतीने आणि महागाईप्रमाणे वाढत जाणारे. कराराचं नूतनीकरणही नव्या अटींवर. हेतू चांगलाच होता. पण ज्या धरणाचं पाणी सामाईक हौदात कधी जातच नाही त्याच्या मालकाने म्हणावं, "आमच्या घरात राहता ना, मग घरातल्या खर्चात वाटा द्या," हे एल डोराडोला खुपणं साहजिक होतं. शिवाय धरणावर काही बांधायचं, बदलायचं म्हटलं की केंद्राची मंजुरी आणि केंद्राच्याच पर्यावरण कायद्याखालचा अभ्यास. कुळाने गोठ्याला पत्रे घालायचे तरी मालकाच्या वाड्यावर जायचं, त्यातला प्रकार.

देण्याची तयारी

सहसा मालक सोडत नाही. इथे मालकही कंटाळला होता. १९९५ मध्ये, क्लिंटन यांच्या काळात, सरकारचा पसारा कमी करण्याच्या मोहिमेत ब्युरोने धरणं आणि कालवे स्थानिकांच्या नावे करायचं धोरण जाहीर केलं. सरसकट मात्र नाही. केंद्राच्या तिजोरीला झळ लागता कामा नये, राज्याराज्यांतले पाणीकरार आणि आंतरराष्ट्रीय करार मोडता कामा नयेत, मूळ निवासी जमातींप्रति केंद्राची जी विश्वस्ताची जबाबदारी आहे तिला धक्का लागता कामा नये, आणि तलावावर येणाऱ्या सामान्य माणसाचे हक्क राहिले पाहिजेत. सोप्यातली सोपी प्रकरणं आधी घ्यायची असंही ठरलं.

स्लाय पार्क या चाळणीतून सहज पडलं. लाभार्थी एकच, पाणी एकाच खोऱ्यात, चालवणारी संस्था अनुभवी. वीज विकून इतरांना हिस्सा द्यायची भानगडही नाही. याच्या उलट उदाहरण न्यू मेक्सिकोचं. एलिफंट ब्यूट इरिगेशन डिस्ट्रिक्टला १९९० च्या दशकात कालवे आणि निचरा चाऱ्या मिळाल्या, पण धरण केंद्रानेच ठेवलं. रिओ ग्रांदेच्या त्या पाण्यात टेक्सासचा वाटा आहे, मेक्सिकोशी १९०६ चा करार आहे. तीन पक्षांच्या पाण्याची किल्ली एका पक्षाच्या खिशात कोण ठेवणार?

तरीही स्लाय पार्कसाठी संसदेचा स्वतंत्र कायदा लागलाच. तो २००० मध्ये झाला.

किंमत काय लावली

मला यात सगळ्यात जास्त रस होता. बाजारभावाने पाहिलं तर डोंगरातला तलाव, काठाने पाइनचं जंगल, टाहोच्या वाटेवर, किंमत विचारू नका. पण अशा हस्तांतरणात बाजारभाव बघतच नाहीत. स्थानिकांकडून यायचे उरलेले हप्ते किती, त्यांची आजची किंमत काय, तेवढी एकरकमी भरा आणि धरण घ्या.

ही आजची किंमत कशी काढतात ते माझ्या मनच्या आकड्यांनी सांगते. वर्षाला १ लाख डॉलरचा हप्ता आणि अजून २० वर्षं बाकी आहेत, असं धरा. बेरीज २० लाख. पण वीस वर्षांनी मिळणारा लाख म्हणजे आजचा लाख नव्हे. ५ टक्के व्याज धरलं तर त्या सगळ्या हप्त्यांची आजची किंमत साडेबारा लाखांच्या जवळ येते. केंद्राला साडेबारा लाख आज मिळाले काय नि वीस लाख सावकाश मिळाले काय, हिशेबाने सारखंच. तिजोरीला झळ नाही म्हणतात ते या अर्थाने. यावर 'जनतेची मालमत्ता कवडीमोलाने दिली' अशी टीका होते, आणि ती अगदीच पोकळ नाही. धरणाच्या बांधकामातला जो खर्च परत मागायचाच नव्हता, तो या हिशेबात दिसत नाही.

हे ऐकल्यावर अण्णांना आपला कूळकायदा आठवला. १ एप्रिल १९५७ ला कुळं मालक मानली गेली तेव्हा जमिनीची किंमतही बाजारभावाने लावली नव्हती. शेतसाऱ्याच्या २० ते २०० पट अशी मर्यादा घातली होती आणि हप्ते पाडून दिले होते. विकत घेणारा ती जमीन आधीपासूनच कसत असतो तेव्हा किंमत ठरवण्याची रीत वेगळी असते, हे मुंबई राज्यालाही सुचलं होतं आणि वॉशिंग्टनलाही.

एक अट मात्र आपल्या कुळांना नव्हती. एल डोराडोने धरण घेतल्यावरही त्या पर्यावरण निधीची वर्गणी तीस-एक वर्षं भरत राहायची, इतर ग्राहकांच्याच हिशेबाने. म्हणजे ज्या खर्चाने सुटकेची इच्छा पेटली, तो खर्च सुटला नाही. हे कलम वाचून मी मोठ्याने हसले. वाटण्या झाल्या, पण घरच्या म्हाताऱ्याच्या औषधाचा खर्च दोघांनी करायचा. माझ्या मते ते योग्यच होतं. नाहीतर सगळ्या सुट्या धरणांनी बाहेर पडून माशांचा खर्च उरलेल्यांच्या गळ्यात घातला असता.

कायदा २००० चा आणि हस्तांतरण २००३ च्या अखेरीचं. मधल्या काळात काय चालतं, तर जमिनीच्या हद्दी, पर्यावरणाची कागदपत्रं, ऐतिहासिक आणि मूळ निवासींच्या खुणांची नोंद, आणि पाणीहक्क. कॅलिफोर्नियात धरण आणि पाणीहक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भांडं तुमचं झालं तरी पाणी साठवायचा परवाना तुमच्या नावावर हवा, नाहीतर हाती रिकामं भांडं. ज्यांनी आपल्याकडे सातबाऱ्यावरची विहिरीची नोंद बदलायला तलाठ्याकडे खेटे घातलेत त्यांना तीन वर्षं जास्त वाटणार नाहीत.

काय गेलं

आता अण्णांची बाजू. अण्णा भरावाच्या पायथ्याकडे बघत होते त्याला कारण होतं.

५ जून १९७६ ला आयडाहोतलं टेटन धरण पहिल्यांदा भरत असतानाच फुटलं. तेही ब्युरोनेच बांधलं होतं. ११ माणसं गेली, गावं वाहून गेली. केंद्र सरकारने ३० कोटी डॉलरहून जास्त भरपाई दिली, कारण धरण केंद्राचं होतं. त्यानंतर १९७८ मध्ये केंद्राच्या धरणांच्या सुरक्षेसाठी कायदा झाला. १९८४ पासून अशा दुरुस्त्यांत स्थानिकांचा वाटा साधारण १५ टक्के, बाकीचे ८५ केंद्राचे.

धरण नावावर करून घेतलं की हे सगळं सुटतं. हस्तांतरणाच्या कायद्यांत ठरावीक कलमं असतात: त्या तारखेनंतरच्या नुकसानीला केंद्र जबाबदार नाही आणि ब्युरोच्या प्रकल्पाला मिळणारे लाभ या धरणाला इथून पुढे मिळणार नाहीत. ८५ टक्क्यांचा हात सुटला. उद्या भूकंपाच्या नव्या अभ्यासाने भराव कमजोर ठरला, तर दुरुस्तीचा बोजा पाणी वापरणाऱ्यांवर.

दुसरा बदल तपासनिसाचा. केंद्राची धरणं राज्याच्या धरण सुरक्षा विभागाच्या अखत्यारीत येत नाहीत. स्थानिक संस्थेची येतात. १२ मार्च १९२८ च्या मध्यरात्री लॉस एंजेलिसजवळचं सेंट फ्रान्सिस धरण फुटलं, चारशेहून जास्त लोक गेले, आणि पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियाने ही तपासणी सुरू केली. विभागाची माणसं येतात, बघतात, त्रुटी लिहून देतात, साठा कमी ठेवा म्हणूनही सांगू शकतात, आणि या सगळ्याची फी धरणमालकाकडूनच घेतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये ओरोव्हिलचा सांडवा उखडला आणि १ लाख ८८ हजार लोकांना घरं सोडावी लागली. त्यानंतर धोका असलेल्या धरणांच्या मालकांना पूररेषेचे नकाशे आणि आपत्कालीन आराखडे करणं बंधनकारक झालं. स्लाय पार्क केंद्राकडे राहिलं असतं तर राज्याचं हे लचांड डिस्ट्रिक्टमागे लागलं नसतं. मला विचाराल तर पायथ्याखाली राहणाऱ्या माणसासाठी हे लचांड असलेलंच बरं.

मालकी म्हणजे काय, हे एल डोराडोला स्लाय पार्कने नाही, दुसऱ्याच तलावाने शिकवलं. १९९९ मध्ये डिस्ट्रिक्टने पीजी अँड ई या खासगी कंपनीकडून डोंगरमाथ्यावरचे काही तलाव, कालवा आणि वीजघर असा जुना संच घेतला होता. त्यात कॅपल्स तलाव होता, १९२० च्या दशकातल्या धरणाचा. २००८ मध्ये त्याच्या विमोचकाची दारं गंजून मोडायला आल्याचं लक्षात आलं. ऐन उन्हाळ्यात तलाव उतरवावा लागला, मासे जाळ्यांनी धरून दुसरीकडे न्यावे लागले, घाईघाईने नवी दारं बसवावी लागली. घेताना कागदावर पाणी दिसतं. गंज पाण्याखाली असतो.

मग १४ ऑगस्ट २०२१ ला काल्डॉर वणवा पेटला. सव्वादोन लाख एकरांच्या जवळपास जंगल जळलं, ग्रिझली फ्लॅट्स गाव बेचिराख झालं, पोलॉक पाइन्स रिकामं करावं लागलं. आमच्या अंगणात राख पडत होती. डिस्ट्रिक्टच्या डोंगरी कालव्यावरच्या लाकडी पन्हाळी, म्हणजे दरीवरून पाणी नेणारे मोठमोठे लाकडी पाट, जळाल्या. वरून येणारं पाणी तुटतं तेव्हा स्वतःच्या ताब्यातला साठा म्हणजे काय ते कळतं. तो कसा वापरायचा हे ठरवायला डिस्ट्रिक्टला कोणाला विचारावं लागत नव्हतं. आणि आपत्तीनंतर केंद्राची मदत स्थानिक संस्थांनाही मिळते. त्यासाठी धरण केंद्राचं असावं लागत नाही.

वाघाडची आठवण

अण्णा परत गेल्यावर आमचं फोनवर हेच बोलणं चालायचं. वाघाड त्यांच्या अंगणातलं. दिंडोरी तालुक्यात कोलवण नदीवरचं, २३०२ दशलक्ष घनफूट उपयुक्त साठ्याचं. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी १९९१ मध्ये कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, तीन पाणी वापर संस्था उभ्या केल्या: महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा. टेलला पाणी पोचत नव्हतं, म्हणून टेललाच सुरुवात. पुढे पूर्ण प्रकल्पावर संस्था झाल्या, त्यांची मिळून प्रकल्पस्तरीय संस्था झाली आणि पाणीवाटप शेतकऱ्यांच्या हाती आलं. पाणी मोजून घ्यायचं, पाणीपट्टी संस्थेने गोळा करायची, पीक कोणतं घ्यायचं ते शेतकऱ्याने ठरवायचं. पाणी वापर संस्थांसाठी राज्याने २००५ मध्ये जो कायदा केला त्यामागे हा अनुभवही आहे. मालकी मात्र शासनाची. अमेरिकन भाषेत वाघाड हे 'हस्तांतरित काम', म्हणजे २००३ पूर्वीचं स्लाय पार्क.

मी म्हटलं, "मग वाघाडचा सातबाराही द्यायला हवा."

अण्णा चिडले. "चारी द्या, वितरिका द्या, कालवासुद्धा द्या. धरण नका देऊ. तिवरे विसरलीस?"

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, झोपलेली माणसं गेली, आणि मंत्र्यांनी दोष खेकड्यांना दिला. ते धरण शासनाचं होतं. निदान दारात जाऊन जाब विचारायला शासन होतं. तेच धरण एखाद्या पाणी वापर संस्थेच्या नावावर असतं तर? संस्थेचा चेअरमन काय विकून भरपाई देणार होता? २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने मोठ्या धरणाच्या मालकाला सुरक्षा कक्ष, तपासण्या, आपत्कालीन आराखडा असं बरंच काही करणं भाग पाडलंय. पाणीपट्टीच्या जोरावर चालणाऱ्या संस्थेला ते झेपेल असं अण्णांना वाटत नाही, आणि यात मला त्यांचं पटतं.

फरक माणसांच्या लायकीचा नाही. वाघाडच्या शेतकऱ्यांनी पाणीवाटपात जी शिस्त दाखवली तिच्यापुढे आमच्या वसाहतीतले हिरवळवाले काहीच नाहीत. फरक कर्ज काढण्याच्या ताकदीचा आहे. एल डोराडोमागे सव्वा लाखाच्या आसपास माणसांची पाणीबिलं आहेत आणि त्या बिलांच्या भरवशावर कर्जरोखे विकता येतात. २०१९ च्या मार्चमध्ये अमेरिकन संसदेने कायदा करून सोप्या हस्तांतरणांसाठी दर वेळी संसदेत जायची अट काढली. मंत्र्याने संसदेला कळवायचं आणि ९० दिवस थांबायचं. पण घेणाऱ्याची आर्थिक कुवत तपासायचीच, हे त्यातही आहे.

आमच्या घरातला शेवटचा विनोद असा की एल डोराडो हिल्सला मुख्यतः फॉल्सम तलावाचं पाणी येतं. डिस्ट्रिक्ट ते केंद्राकडून करारावर घेतं, ७,५५० एकर-फूट. म्हणजे डोंगरावर डिस्ट्रिक्ट मालक, आणि माझ्या नळापाशी अजूनही कूळच.

मध्यंतरी अण्णांनी त्या दिवशी काढलेले भरावाचे फोटो त्यांच्या जुन्या कालवेवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. सगळे फोटो पायथ्याचेच, तलावाचा एकही नाही. खाली कोणीतरी विचारलं, "साहेब, तिकडे दुरुस्तीचं बिल कोण भरतं?" अण्णांनी तो प्रश्न मला पुढे पाठवला. मी माझ्या पाणीबिलाचा फोटो काढून पाठवून दिला.